मशीन नंबर ४१७ चा गेटपास

पिनर
बुधवार, ४ जून २०२५

श्री. मुरलीधर गवांदे यांस,

नमस्कार. तुमचं मशीन सापडलं आहे. टूलरूम लेथ, नंबर ४१७, सन १९८३. केंब्रिजजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये उभं आहे आणि शुक्रवारी, वीस तारखेला, भंगारात जाणार आहे. म्हणून लिहावं लागतंय. नाहीतर तेवीस वर्षं लिहिलं नाही ते आजही लिहिलं नसतं.

तुमची तब्येत बरी असेल. वहिनींना नमस्कार. सुयश आणि सूनबाई ठीक असतील. आमचे हे गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून मी मिहीरकडे असते. तो लंडनला ऑफिसात जातो, सून आसावरी शाळेत शिकवते आणि मी दोघांच्या चुका काढते. गुडघे सोडून सगळं चालू आहे.

पत्र अन्वीच्या हाती पाठवते आहे. ही मिहीरची मुलगी, जन्म इथलाच, केंब्रिजला इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करते. पोस्टानं पाठवलं तर तुम्ही पाकीट न उघडता फ्रिजवर ठेवून द्याल अशी शंका आली. पोरीसमोर तसं करणार नाही.

मशीन तिलाच सापडलं. प्रयोगासाठी तिला एक पितळी भाग करून हवा होता, म्हणून ती ॲलन नावाच्या माणसाकडे गेली. वय अठ्ठ्याहत्तर, एकटाच काम करतो, या महिन्याअखेर वर्कशॉप बंद करतोय. तिथून तिचा फोन आला.

"आजी, तुझा फॅक्टरीचा नाव काय होता? इथे एक लेथ आहे, त्याच्यावर हिंदीत लिहिलाय."

मी म्हटलं, अक्षरं वाच. तिनं लहान मुलासारखी एकेक अक्षर जुळवत वाचली. भारतीय सूक्ष्मयंत्र निगम, आंबेटाकळी. मी म्हटलं, खाली नंबर असेल. "फोर वन सेव्हन." मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

परवा मी ट्रेननं गेले. अन्वीनं लॅबमधून स्पिरिट लेव्हल आणि डायल गेज आणला होता. ॲलननं हे मशीन १९९१ साली एका लिलावात घेतलं. म्हणाला, स्वस्त होतं म्हणून घेतलं, दोन वर्षांत बदलायचा विचार होता. मी त्याला म्हटलं, बेड पुसून दे, आणि ती खिडकी झाक, ऊन थेट बेडवर पडतंय. त्यानं अन्वीकडे बघितलं. अन्वी म्हणाली, "जस्ट डू इट, ॲलन. शी वोंट स्टॉप." मग मी तासभर काही केलं नाही. बेड थंड होऊ दिला. त्यालाही चहा होईपर्यंत बोलू दिलं नाही.

तुम्हाला आकडे हवे असतील. १९८३ च्या टेस्ट चार्टवर बेडच्या सरळ रेषेतला फरक आठ मायक्रॉनला पास केला होता. डाव्या टोकाला हेडस्टॉकजवळचा वीतभर भाग सोडला, तर आज तो अकरा मायक्रॉन आहे. बेचाळीस वर्षांत तीन मायक्रॉन. अन्वीनं विचारलं, हे चांगलं आहे का? मी तिच्या डोक्याचा एक केस उपटला आणि म्हटलं, हा सत्तर आहे.

टेस्ट चार्ट ॲलननं जपून ठेवला होता, इलेक्ट्रिकच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून. खाली दोन सह्या. स्क्रेपिंग: मु. का. गवांदे. तपासणी: नी. ओगले.

मग बेडवरून सरकणारं सॅडल मागे सारलं, आणि खाली जिथे कुणाचं कधी लक्ष जात नाही तिथे तुमची स्क्रेपरनं खरवडून काढलेली नक्षी होती. ज्वारीच्या पानांसारखी, एकाआड एक, टोकं उजवीकडे कललेली. सेक्शनमधल्या बाकी बावीस जणांची पानं डावीकडे कलायची. डावखुरे तुम्ही एकटेच. ॲलन म्हणाला, एवढी वर्षं वाटायचं, ही शोभेची आहे. मी त्याला सांगितलं, शोभेला आम्ही सरकारी वेळ खर्च करत नव्हतो. तेल धरून ठेवायला आहे. खरं म्हणजे थोडी शोभेचीही होती, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत अन्वी म्हणाली, आजी, सरकारनं फॅक्टरी का काढला? मी सांगितलं. कापड विणायचं मशीन बाहेरून यायचं, मोटारीचे भाग करायचं मशीन बाहेरून यायचं, आणि ही मशीनं ज्या मशीनवर बनतात तेही बाहेरूनच. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कुणीतरी ठरवलं की ते अगदी मुळातलं मशीन आपण करायचं. दिल्लीत नकाशावर बोट ठेवलं गेलं. ते बोट तुमच्या वडिलांच्या अकरा एकरांवर पडलं.

इथवर मी तिला छाती फुगवून सांगत होते. या वाक्याला मात्र अडखळले.

घरटी एक नोकरी, असा हिशेब होता. तुमच्या घरातून तुम्ही आलात. तुमच्या ज्वारीच्या रानात असेंब्ली शॉप उभी राहिली होती. नव्या माणसाला तुम्ही मुद्दाम प्लॅनर मशीनपाशी नेऊन म्हणायचात, "पाय जपून टाका, खाली आमची विहीर आहे." आणि कँटीनमध्ये म्हणायचात, "सरकारनं बापाचं रान घेतलं आन् पोराला सपाटी शिकवली." कधी रागानं म्हणायचात, कधी मिजाशीत. बहुतेक वेळा दोन्ही एकदम असायचं.

मी १९७३ साली पुण्याहून बी.एस्सी. होऊन आले, मोजमापाच्या स्टँडर्ड्स रूममध्ये. सगळ्या कारखान्यात वीस डिग्रीवर ठेवलेली ती एकच खोली. तुम्ही लोक तिला बाईंचं महाबळेश्वर म्हणायचात, मला ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात मी तुमची चार कामं परत पाठवली. पाचव्या वेळी तुम्ही दारात येऊन म्हणालात, "बाई, शेतात आम्ही डोळ्यानं सरी धरायचो, कुणी परत पाठवली नव्हती." मी म्हटलं, ज्वारी तक्रार करत नाही, बेअरिंग करतं. सहावं काम पास झालं. त्यानंतर तुमचं काम मी किती वेळा परत पाठवलं ते बोटांवर मोजता येईल. मोजलेलं आहे. सात वेळा.

अन्वीला सगळं चांगलंच सांगितलं असं नाही. मंजुरीविना माल सहा महिने पडून राहायचा. दिवा बदलायला तीन सह्या लागायच्या. काही माणसं फक्त भोंग्याला हजर असायची. पण तिला हेही सांगितलं की देशभरातून आलेली माणसं त्या एका भोंग्यावर उठायची, मिहीर कारखान्याच्या पाळणाघरात वाढला म्हणून मी शिफ्ट करू शकले, आणि तुमचा सुयश कॉलनीच्या शाळेत गणित शिकला म्हणून आज ब्रॅकनेलला कंपनीत आहे. ज्या गावात आधी चौथीपर्यंत शाळा होती, त्या गावातून हे झालं. मला त्याचा अभिमान आहे. कुणी नावं ठेवली तर मी आजही भांडते. गेल्या दिवाळीत इथल्या एका फायनान्सवाल्याशी भांडले. तो म्हणाला, काकू, ते सगळं वेस्ट होतं. मी विचारलं, तू आजवर हातानं काय बनवलंस? त्यानं करंजी खाल्ली.

आता कामाचं.

केंब्रिजमध्ये एक धर्मादाय संस्था आहे. शाळा सोडलेल्या मुलामुलींना वर्कशॉपचं काम शिकवते. तिथल्या प्रमुख बाई मशीन घ्यायला तयार आहेत, पण हेडस्टॉकजवळ बेड झिजलाय, पंचेचाळीस मायक्रॉन. तो दुरुस्त झाला तर घेणार, नाहीतर नाही. बेड काढून ग्राइंडिंगला पाठवायचं तर खर्च मशीनच्या किमतीहून जास्त. हातानं स्क्रेप करणारा माणूस त्यांना मिळत नाही. मी त्यांना म्हटलं, मला एक माहीत आहे.

तुमची परतीची तारीख एकोणतीस आहे असं सुयशच्या ओळखीतून कळलं. सोळा, सतरा, अठरा असे तीन दिवस पुरतील. व्हिजिटर व्हिसावर काम चालत नाही असं सुयश म्हणेल. नोकरी चालत नाही, बरोबर. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत विनामोबदला, तीस दिवसांपर्यंत, चालतं. नियम छापून सोबत लावला आहे, ओळ अधोरेखित केली आहे.

एवढंच लिहून सही करणार होते. पण तुम्हाला न सांगता हे मागणं म्हणजे कमी मापाचा माल पुढे ढकलणं आहे. तेव्हा यादीबद्दल.

ऑक्टोबर २००२. तुम्हा सगळ्यांना सांगितलं गेलं की अतिरिक्त कामगारांची यादी दिल्लीहून आली. दिल्लीहून आला तो कोरा फॉर्म. यादी आंबेटाकळीतच झाली, गेस्ट हाउसमध्ये, दोन दुपारींत. समिती तिघांची होती. कार्मिक व्यवस्थापक, एक बाहेरचे सल्लागार, आणि गुणवत्ता विभागातर्फे मी.

फॉर्ममध्ये तीन रकाने होते. दर नगाला लागणारा वेळ, माणसं, आणि पर्यायी पद्धत आहे का. स्क्रेपिंग सेक्शन: एका बेडला अकरा दिवस, माणसं तेवीस, पर्यायी पद्धत आहे, ग्राइंडिंग. सगळे आकडे माझे आणि सगळे खरे. मी सही केली.

माझ्या कपाटात तेव्हा एक फाइल होती. गिऱ्हाइकांकडे वीस-वीस वर्षं चाललेली आपली एकसष्ट मशीनं आम्ही परत जाऊन मोजली होती. अठ्ठावन्न मर्यादेत. पर्यायी पद्धतीची मशीनं पाच वर्षांत मापातून हलत होती. त्या अकरा दिवसांचं उत्तर त्या फाइलमध्ये होतं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून मी दिली नाही. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण रकाना नसेल तर जोडपत्र लावतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. नोकरीभर मी जोडपत्रं लावली. एक हेच नाही लावलं.

का नाही, तेही लिहिते. १९९६ साली कँटीनच्या भिंतीवर कोळशानं माझ्या आणि तुमच्या नावानं काय लिहिलं होतं ते आपण दोघांनीही वाचलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही चुना आणून ती भिंत पांढरी केलीत. त्यानंतर तुम्ही माझ्या दारात उभं राहून कधी थट्टा केली नाहीत, मीही केली नाही. बाईंना गवांदेचंच काम दिसतं, असं बोललं जायचं. दिसायचं, कारण ते तसं होतं. पण त्या दुपारी गेस्ट हाउसमध्ये मला वाटलं, फाइल टेबलावर ठेवली तर समितीतले बाकी दोघं एकमेकांकडे बघतील. तेवढ्यासाठी ठेवली नाही. मी कुणाची बाजू घेत नाही हे दिसावं म्हणून अर्धंच खरं दिलं, आणि तेवीस घरं त्यात गेली. फाइल ठेवली असती तर वाचली असती असं मी म्हणत नाही. कदाचित नसतीही. पण ती ठेवणं माझं काम होतं.

शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर तुमचा स्क्रेपर ठेवलात. "बाई, आता हे मोजा," म्हणालात आणि गेलात. नंतर तुम्ही गोडाउनच्या गेटवर रखवालदार होतात असं कळलं. तिकडून जाणारा रस्ता मी सोडला.

स्क्रेपर माझ्याकडे आहे. ज्ञानेश्वर रखवालदार आठवतो ना? एकदा त्यानं तुमची पिशवी न बघता सोडली होती. "ओळखीचा माणूस आहे, बाई." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, गेटवर कुणी ओळखीचं नसतं. पुढे कँटीनमध्ये त्या वाक्याची नक्कल व्हायची. त्याच गेटातून मी तो स्क्रेपर डब्याच्या पिशवीत घालून, पास न बनवता, बाहेर आणला. उभ्या जन्मात केलेली एकच चोरी. दर खंडेनवमीला त्याला तेल लावते. आसावरीला वाटतं तो ह्यांचा आहे.

यंदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, स्लाउच्या हॉलमध्ये, श्रीखंडाच्या रांगेत तुम्ही दिसलात. मी ताट तसंच ठेवून बाहेर आले. मिहीरला म्हटलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही आलात तर मी कारण विचारणार नाही. पण मशीन चांगलं आहे, गवांदे. ते भंगाराचं नाही.

नीना ओगले


ब्रॅकनेल
ता. ७ जून

बाई,

पत्र पोचलं. तुमची नात पुढ्यात बसूनच राहिली, त्यामुळे वाचावंच लागलं. मराठी तिची लंगडी आहे पण गोड आहे. मला म्हणाली, "आजोबा, तुमची मशीन खूप सुंदर आहे, तो मरायला नको." आमची ही रडायला लागली.

यादीचं तीनदा वाचलं. त्याचं उत्तर कागदावर देत नाही. समोर बोलू, नाहीतर नाही बोलू.

झीज पंचेचाळीस म्हणता ती कुठल्या बाजूला, पुढच्या मार्गावर का मागच्या, ते लिहिलं नाहीत. तुम्ही असं अर्धवट लिहीत नव्हता. मार्किंगची निळी चांगली बघा, पातळ नको. सरळपट्टी मीटरभर लांबीची हवी आणि तीही आधी मोजून घ्या, या लोकांच्या पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. बसायला बुटकं स्टूल. डावा खांदा आता वर जात नाही, त्यामुळे पाळीपाळीनं करीन. माझा स्क्रेपर आणा. पातं आपल्या ऑइलस्टोनवर मी लावीन, तुम्ही हात लावू नका.

सुयशला नियमाचा कागद दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि म्हणाला, या बाईंना आमच्या ऑफिसात घ्या.

एक अट आहे. मोजायला तुम्हीच उभं राहायचं. दुसऱ्या कुणी मोजलेलं मला चालत नाही.

मु. का. गवांदे


पिनर
शुक्रवार, २७ जून २०२५

श्री. मुरलीधर गवांदे यांस,

नमस्कार. परवा तुमचं विमान. हे पाकीट आणि सोबतचं बोचकं घेऊन अन्वी आज संध्याकाळी येईल. बोचकं चेक-इनच्या बॅगेत ठेवा, हातसामानात नको, नाहीतर हीथ्रोवर तुम्हाला बाजूला घेतील आणि सुयशला यावं लागेल.

वीस तारखेला लॉरी आली आणि मशीन संस्थेत गेलं. मी स्वतः उभी होते. उतरवल्यावर लेव्हल पुन्हा घेतली. हललेलं नाही. ॲलनही आला होता. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाला, चौतीस वर्षं ही माझ्याशी खोटं बोलली नाही. मी त्याला म्हटलं, तिला तसं शिकवलेलंच नव्हतं.

पास देण्यापूर्वी कामाची नोंद पूर्ण असावी लागते, म्हणून थोडक्यात लिहिते.

पहिल्या दिवशी तुम्ही ॲलनच्या वर्कशॉपमध्ये आलात, मला नमस्कारही न करता खाली वाकून सॅडलखालची पानं बघितलीत. पुष्कळ वेळ. मग म्हणालात, "तेव्हा हात हलका होता." नंतर निळी लावून पट्टी फिरवली आणि बेडवर डाग उठले तेव्हा संस्थेतून शिकायला आलेली सहा पोरंपोरी भोवती गोळा झाली. तुम्ही मराठीत सांगत होता आणि अन्वी इंग्रजीत. "जिथं निळं तिथं उंच. उंच तेवढंच काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही." मायरा नावाच्या मुलीनं जोर लावून खरवडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ए बाय, चपाती लाटत नाहीयेस." अन्वीनं याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण मायरा हसली आणि दुसऱ्या वेळी तिचा हात बरोबर चालला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, बाकीचे बाहेर असताना, तुम्ही विचारलंत.

"बाई, त्या एकसष्टांत माझी किती?"

"एकोणीस."

"आन् बाद झाली ती तीन?"

"त्यात तुमचं एकही नाही."

तुम्ही बिस्किट बुडवलंत. ते चहात पडलं, तुम्ही बोटानं काढलंत. मला वाटलं संपलं. मग म्हणालात, "तेवीस वर्षं मी समजत होतो, काम उणं पडलं. दिल्लीवाल्याला काय कळतंय असं लोकांना म्हणायचो. पण गेटवर रात्रपाळीला बसलं की वाटायचं, बाईंनी मोजलं असणार, आणि बाई चुकत नाहीत."

मी कप विसळायला गेले. परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तेवढं लिहून द्या. मला आणि बाकीच्या बावीस जणांना. त्यातले चौदा हयात आहेत. मी नेऊन देतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, घ्या. मी मोजलं. चौदा मायक्रॉन. मर्यादा दहा. संस्थेच्या बाई म्हणाल्या, इट्स मोअर दॅन फाइन. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, परत. तेव्हा तुम्ही हसलात. पोरांना सांगितलंत, "बघा, आठव्यांदा." म्हणजे तुम्हीही मोजत होतात.

साडेपाचला पुन्हा घेतलं. नऊ. मी सही केली, तुम्ही केली, मायराला करायला लावली.

आणि मग तुम्ही स्क्रेपर पुसलात, तेल लावलंत, आणि पुन्हा माझ्यासमोर टेबलावर ठेवलात. मी म्हटलं, घेऊन जा, तुमचा आहे. तुम्ही म्हणालात, "खात्यात वापरायला पास लागत नाही. बाहेर न्यायला लागतो. सरकारी माल आहे, बाई. कागद द्या, मग नेईन." अन्वी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी आजवर जे जे तिला शिस्त म्हणून सांगितलं ते तिथे टेबलावर पडलं आहे.

तुमचं बरोबर आहे. कागद देते. तुमचं धरून तेवीस जणांची जोडपत्रं माझ्या स्वतःच्या मोजणीच्या वहीवरून हातानं उतरवली आहेत. प्रत्येकावर ज्याची त्याची मशीनं, नंबर आणि माप वेगळं आहे. आकडे दोनदा ताडले, दुसऱ्यांदा आसावरीनं मोठ्यानं वाचून. ती आता विचारते आहे की हा स्क्रेपर नक्की कुणाचा. तिला बसवून सगळं सांगितलं. भिंतीचंही. जे हयात नाहीत त्यांच्याही घरी ही नेऊन द्याल तेव्हा माझं नाव सांगा. दिल्लीचं सांगू नका.

पुढच्या वर्षी संस्थेला बेड पुन्हा तपासून हवा आहे. मी जाईन. तुम्ही या, असं म्हणत नाही. या.

आपल्या कामाची साक्षीदार,
नीना ओगले

सोबत:

गेटपास
भारतीय सूक्ष्मयंत्र निगम, आंबेटाकळी (कारखाना बंद, पास उशिरा)

दिनांक: २७ जून २०२५
माल नेणार: मु. का. गवांदे, स्क्रेपिंग सेक्शन
माल देणार: नी. ओगले, स्टँडर्ड्स रूम

१. हँड स्क्रेपर, लाकडी मूठ, डाव्या हाताच्या पकडीनं झिजलेली. नग एक. ऑक्टोबर २००२ पासून देणाऱ्याच्या ताब्यात, विनापास.
२. टेस्ट चार्ट, मशीन नंबर ४१७, सन १९८३. मूळ प्रत. नग एक. संस्थेला नक्कल दिली आहे.
३. टेस्ट चार्ट, मशीन नंबर ४१७, दिनांक १८ जून २०२५. नक्कल. नग एक.
४. जोडपत्र, अतिरिक्त कामगारांच्या फॉर्मला लावायचं राहिलेलं. नग तेवीस.

परत करायचा माल आहे का: नाही.
गेटवर पिशवीची तपासणी: केली नाही. माणूस ओळखीचा आहे.